बोर्डाचा दोरा

“ताई, तुमच्या बोर्डाचा दोरा लोंबतोय,” टेलर मास्तर फोनवर म्हणाले.

“हो ना? कसला भारी दिसतोय!” ताई खुशीत म्हणाली.

पलीकडे शिलाई मशीनची घरघर थांबली.

“ताई, सकाळपासून दुकानात जो येतोय तो हेच सांगायला येतोय. सांगतो आणि जातो. कापड एकानेही आणलेलं नाही.”

फोन ठेवून ताईने समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. गडद निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, प्रत्येक अक्षराच्या कडेने पिवळ्या धाग्याचे बारीक टाके, आणि शेवटच्या अक्षराच्या टोकाला सुटलेला, एक हलकी गिरकी घेऊन खाली लोंबणारा दोरा. कितीही न्याहाळलं तरी तिला त्यात चूक सापडेना. उलट तो दोरा चिमटीत धरून ओढावासाच वाटत होता. आणि चूक नेमकी तीच होती.

या दोऱ्यावर बरंच काही लोंबत होतं. लेक झाल्यावर ताई पुन्हा छापखान्यात रुजू झाली, तेव्हा काकांनी, म्हणजे छापखान्याच्या मालकांनी, तिला टायपिंगच्या टेबलावर बसवलं होतं. अर्ज, प्रश्नपत्रिका आणि हरवले-सापडलेच्या जाहिराती. डिझाइनची खुर्ची खिडकीपाशी रिकामी होती, पण काका ती रिकामीच ठेवत. “मधल्या काळात सगळं बदललंय पोरी,” ते म्हणत. “तुला जमेल का, हा प्रश्न आहे.” शेवटी टेलर मास्तर नवीन दुकानाचा बोर्ड करून घ्यायला आले, तेव्हा काकांचं मन जरा द्रवलं. “कर हा बोर्ड. मास्तर खूश झाले तर खुर्ची तुझी. नाही झाले, तर टायपिंग आहेच.”

मास्तरांची मागणी एकच होती. “अक्षर असं पाहिजे, की जाणारा माणूस जागच्या जागी थबकला पाहिजे.”

ताईला खुर्चीपेक्षाही त्या खुर्चीसमोरच्या यंत्रात काय काय दडलंय याचीच जास्त उत्सुकता. मेनूतलं एकेक बटण दाबून ती बघत सुटली. अक्षरांना सावली दिली, तर ती भर उन्हात कुणाची तरी वाट बघत उभी असल्यासारखी दिसू लागली. फुगीर केली, तर गांधीलमाशी चावल्यासारखी. सोनेरी झळाळी दिली, तर थेट सराफाचं दुकान. मग तिने अक्षरांच्या कडेने तुटक रेघ फिरवली आणि टाके उमटले. फक्त जिथे एका अक्षराची शिरोरेषा दुसऱ्याच्या शिरोरेषेला भिडत होती, तिथे प्रत्येक सांध्यावर एकेक उभा टाका आगाऊपणाने डोकावत होता. अक्षरं एकमेकांत विरघळवून टाकायची आज्ञा तिने हुडकून काढली, तेव्हा कुठे टाके सलग धावले.

संध्याकाळी घरी लेक मांडीवर येऊन बसली. ताईच्या बाहीचा एक दोरा सुटला होता. पोरीने तो ओढला. अजून ओढला. बाही कोपरापर्यंत उसवत आली, तरी तिची तंद्री मोडेना.

“अगं, रागव की तिला!” सासूबाई म्हणाल्या.

“थांबा ना आई, तिचं तोंड बघा जरा.”

“तोंड काय बघायचंय? बाही बघ!”

पण ताईला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिने शेवटच्या अक्षराला एक सुटा दोरा काढला. मग त्याच्या खाली पुसटशी सावली घातली, आणि दोरा पडद्यावरून उठून बाहेर आला.

बोर्ड स्टिकर होऊन दुकानाच्या दर्शनी काचेवर लागला, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. दोरा बरोबर हाताच्या उंचीवर आला. माणसं खरोखरच थबकू लागली. थबकायची, दोरा ओढायला जायची आणि काचेवर नखं घासायची.

“मास्तर, दोरा सुटलाय तुमचा.”

“चित्र आहे ते.”

“चित्र कसलं? सावली पडलीये त्याची!”

एका आजोबांनी खिशातून नखं कापायची कात्री काढली. एक बाई मुलाच्या शाळेचा गणवेश शिवायला आल्या होत्या, त्या दारातूनच परत फिरल्या. “स्वतःचा दोरा आवरता येत नाही, आमच्या पोराची चड्डी काय टिकणार!” हे त्या हळू बोलल्या नव्हत्या.

काका ताईच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. रागावले की ते फार गोड बोलत.

“पोरी, दोरा काढून टाकशील का?”

“तो एकाच स्टिकरवर छापलाय काका. कापला तर अक्षर फाटेल.”

“मग झाक. कसाही झाक. आणि जाण्याआधी टायपिंगचं टेबल पुसून ठेव, धूळ बसलीये.”

शेवटचं वाक्य ताईला नीट कळलं. तिने त्याच निळ्या रंगाचा एक चौकोन छापून घेतला, दुकानात जाऊन दोऱ्यावर चिकटवला, रबरी पट्टीने हवा काढली आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. मधल्या काळात छपाईच्या मशीनमध्ये नवी शाई भरली होती. चौकोन एक छटा फिका आला होता. टाक्यांनी शिवलेल्या त्या गडद निळ्या बोर्डावर तो काय दिसत होता, हे सांगायला कुणी लागलं नसतं. तरी समोरचा चहावाला रस्त्यापलीकडून ओरडलाच.

“मास्तर, नवीन दुकान आणि लगेच ठिगळ?”

मास्तर बाहेर आले. त्यांनी बोर्ड पाहिला आणि गळ्यातली टेप हळूच काढून हातात घेतली, जणू आता ती वापरायचा हक्क राहिला नव्हता.

“टेलरच्या दुकानाला ठिगळ,” ते म्हणाले. “ताई, यापेक्षा दोरा बरा होता.”

“मास्तर, उद्यापर्यंत वेळ द्या.”

“उद्या काय करणार?”

ताईला ते ठाऊक नव्हतं. पण परत जाताना तिच्या डोक्यात एक भुंगा शिरला. ठिगळात आणि खिशात फरक तो काय? वरची बाजू उघडी, एवढाच! सकाळी तिने तसाच फिका चौकोन घेतला, तळाचे कोपरे गोल केले, तीन बाजूंनी दुहेरी शिलाई फिरवली. वरच्या कडेखाली आत जाणारा अंधार भरला, कडेला गडद आणि खाली उतरता उतरता विरत जाणारा. खिशाने तोंड उघडलं.

तो खिसा ठिगळावर चढला, तेव्हा मास्तर शेजारीच उभे होते. एका गिऱ्हाइकाने हाक मारली म्हणून दारातच त्याच्या खांद्याचं माप घेतलं, कापडावर खडूने खूण केली आणि मान त्याच्याकडेच ठेवून खडू सवयीने बाजूच्या खिशात टाकला.

खडू पायरीवर पडून दुभंगला.

मास्तरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. ताई एकाएकी रस्त्यावरची रहदारी फार मन लावून बघू लागली.

“ताई, हा खिसा तिरका लागलाय.”

“नाही मास्तर, सरळ आहे.”

“मग खडू का पडला?”

“छापलेला आहे मास्तर.”

“ते कळतं मला!” मास्तरांचे कान लाल झाले होते. “पण खिसा म्हटला की वस्तू आत राहिली पाहिजे. माझ्या हातून आजवर असा खिसा गेला नाही, आणि माझ्या दुकानावरही राहणार नाही. तुमच्या काकांना उद्या फोन करतो.”

दुसऱ्या दिवशी ताईने आपणहून टायपिंगचं टेबल पुसलं. काकांचा फोन वाजला, तेव्हा ती त्यांच्या तोंडाकडे बघत हातातलं फडकं उगीचच पिळत होती. फडकं कोरडं होतं.

“हं... हं... राहू दे म्हणता? व्यवस्थित झालाय? बरं बरं!” काकांनी फोन ठेवला. “मास्तर म्हणतायत, खिसा आता मनासारखा झाला.”

“मनासारखा?” ताईला राहवेना. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती तडक दुकानाकडे गेली.

मास्तरांनी तिच्या छापील खिशावर त्याच मापाचा, त्याच निळ्या कापडाचा अस्सल खिसा शिवून पक्का चिकटवला होता. दुहेरी शिलाई, गोल कोपरे. आत त्यांचा खडू होता. आणि काचेसमोर माणसांचा घोळका उभा होता.

“ही बघ प्रिंट! कापडाचा धागान् धागा दिसतोय.”

“हात लावून बघ की.”

“छे! त्या दोऱ्यापायी एकदा हसं झालंय माझं. आता नाही फसायचो.”

एकदा फसलेली गल्ली आता शहाणी झाली होती. कुणीही त्या खिशाला बोट लावत नव्हतं. जो तो हात पाठीमागे बांधून बघत होता आणि बघून झालं की आत शिरत होता. गणवेशवाल्या बाई कापड घेऊन रांगेत उभ्या होत्या.

“मास्तर, तुम्ही सांगत का नाही यांना?” ताईने आत जाऊन विचारलं.

“सांगितलं की! सगळ्यांना सांगितलं, मी शिवलाय म्हणून.” मास्तर मापं घेता घेता करवादले. “हसतात माझ्यावर.”

ताई छापखान्यात परतली, तर काका दारातच. तेही स्कूटरवरून बोर्ड बघून आले होते. त्यांच्यासोबत एक चपलांचे दुकानदार होते.

“पोरी, त्या खिशाची कड वाऱ्याने हलल्यासारखी वाटते गं! कशी केलीस?”

“काका, तो खिसा मास्तरांनी शिवलाय.”

काका दुकानदारांकडे वळले. “बघा! एवढं करून वर श्रेय दुसऱ्याला. अशी माणसं राहिलीत कुठे?”

“काका, खरंच शिवलाय. कापडाचा आहे.”

“बरं बरं, नको सांगूस. ज्याची त्याची कला असते.” काकांनी खिडकीजवळची खुर्ची स्वतःच्या रुमालाने झटकली आणि तिच्याकडे सरकवली. “बस.”

ताई बसली. उभं राहून खरं सांगून झालं होतं, आता बसून आणखी वेगळं काय सांगणार?

“मला बुटाची लेस पाहिजे,” चपलांचे दुकानदार पुढे झुकले. “तश्शीच. हलणारी. जमेल ना?”

ताईने तोंड उघडलं ते नाही म्हणायला. पण समोर कोरा पडदा होता आणि प्रश्न तर खरा होता. लेस हलली असं वाटायला आधी काय सरकावं लागेल, लेस की तिची सावली? आणि सावली लेसपासून किती लांब गेली, की डोळा फसायचा थांबतो?

“परवा या,” ती म्हणाली. मग तिने एक रेघ ओढली, खाली सावली घातली, आणि तिचं एक टोक जरासं वाऱ्यावर सोडून पाहिलं.