इंगळे सरांची चक्कर

आमचे शेजारी इंगळे सर रोज सकाळी शाळेत निघण्याआधी स्वतःच्या स्कूटरला प्रदक्षिणा घालतात. सावकाश, मागच्या चाकापासून. "चाक, ठीक. ब्रेक, ठीक. आरसा, ठीक." शेवटी पुढच्या चाकापाशी थांबतात, मान वर करून आमच्या घराकडे क्षणभर बघतात, पुटपुटतात "ठीक" आणि किक मारतात. ते वाऱ्याची दिशा बघत असावेत, असं मी बरेच दिवस समजत होतो.

नांदुऱ्याच्या एका शाळेत सर हवाई कॅडेटांचं पथक चालवतात. स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत. पण उड्डाणापूर्वी वैमानिक विमानाभोवती फिरून एकेक भाग तपासतो, हे ते प्रशिक्षणात शिकून आले आणि तेव्हापासून तपासल्याशिवाय त्यांना काहीच वापरवत नाही. शेगावला गर्दीच्या दिवशी पथक पाणी वाटायला जातं, तेव्हा सर आधी पिंपाभोवती फिरतात. "घाई कोणाले हाय?" असं विचारतात, तेही तहानलेल्या माणसाला.

एकदा पथक डोणगावला झाडं लावायला निघालं. वीस मुलं एसटीत बसली आणि सर बस तपासायला मागच्या बाजूला गेले. कंडक्टरने घंटी मारली. तपासणी संपेपर्यंत कॅडेटने तोंड उघडायचं नाही, हा सरांचाच नियम. त्यामुळे वीसही जण ताठ बसून राहिले आणि बस सरांना सोडून गेली. सर पुढच्या बसने पोचले, तीही तपासूनच. मुलांवर ते रागावले नाहीत. "शिस्त, ठीक," एवढंच म्हणाले.

त्या वीस जणांत माझी मुक्ता होती. तिची आई गेल्या वर्षी गेली. आता घरात आम्ही दोघंच. नागपूरला दोन आसनी विमानातून उडायला मुक्ताची निवड झाली, तेव्हा संमतिपत्रावर सही करायला माझा हात उचलेना. वाचत होतो त्या पुस्तकात मी तो कागद खूण म्हणून घातला आणि आठवडाभर ते पुस्तक उघडलंच नाही. मुक्ताने बुटांना पॉलिश करणं बंद केलं.

संमतिपत्र द्यायच्या शेवटच्या दिवशी सर आले. मला वाटलं, समजूत घालतील. ते दारातूनच म्हणाले, "भाऊ, मी चक्कर मारल्याबिगर तिले बसू देणार नाही. पायलट वरडला तरी."

हा माणूस बस चुकवेल, तपासणी चुकवणार नाही. मी सही केली.

उड्डाणाच्या दिवशी सकाळपासून मी खिडकी लावून बसलो होतो. नागपूरचं आकाश आमच्या खिडकीतून दिसत नाही, तरीही. साडेअकराला फोन वाजला.

"पंख, ठीक. चाकं, ठीक. पायलट वैतागला, ठीक. पोरगी उडाली, उतरली, आता समोसा खाऊन राह्यली. ठीक."

मी खुर्चीत मागे टेकलो. किती दिवस मी पाठ न टेकताच बसत होतो, ते तेव्हा कळलं. सरांनी मात्र फोन ठेवला नव्हता.

"अन् खिडकी?"

"कोणती खिडकी, सर?"

"तुमची. वहिनी गेल्यापासून रोज पाहतो, उघडली का नाही ते. आज मी इथं, तं कोण पाहीन?"

मी उठलो, खिडकी उघडली. समोर त्यांची स्कूटर उभी होती, तिच्यावर ऊन आलं होतं.

"ठीक," मी म्हणालो.