गिरजाबुढीचं नाक

गिरजाबुढी लोकांची तोंडं हुंगायची.

केनवडच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो त्या दिवशी शेजारच्या दारातून ही उंच, वाळकी म्हातारी बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आ करा, मास्तर." मी गोंधळून आ केला. तिनं डोळे मिटले, नाक जवळ आणलं, लांब श्वास ओढला. "डावीकडची अक्कलदाढ. आज नाई, पन तरास देईन," असं सांगून ती सरपणाला निघून गेली. माझं नावसुद्धा तिनं विचारलं नाही.

गावाला हे सवयीचं होतं. रिसोडहून आलेल्या एका नवरदेवाला तिनं वेशीपाशी घोड्यावरून खाली वाकायला लावलं होतं. "तंबाकू हाय, बाकी साफ," असा निकाल तिनं वऱ्हाडासमोर दिला, तेव्हा वरमाय रुसून बसली आणि वरात दुपारपर्यंत अडली. बुढी गल्लीत दिसली की पारावरचे बाप्ये उपरण्याचं टोक तोंडावर घेत.

ती हुंगून काही बोलली तर माणूस हसे. ती गप्प राहिली की मात्र हसू विरून जाई. गावच्या शिंप्यापुढे ती एकदा अशी गप्प झाली होती. मग दवाखान्यात जा, एवढंच म्हणाली. तो गेला नाही, आणि पंधरवड्यात त्याच्या मशीनवर चादर पडली. तिला मरण कळतं, असं अर्धं गाव म्हणे. उरलेल्या अर्ध्या गावाला ते तीच आणते असं वाटे.

दुसऱ्या हिवाळ्यात माझी ती दाढ उठली. हाडात आडवी रुतलेली. अकोल्याच्या डॉक्टरांनी हिरडी कापून दाढ काढली, टाके घातले आणि बजावलं, की मऊ खायचं, जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्यानं हलकेच चूळ भरायची, आणि सूज वाढली, ताप आला किंवा तोंड उघडेना झालं तर थांबायचं नाही. बायको माहेरी होती. मी दोन दिवस सगळं पाळलं. तिसऱ्या दिवशी भाकरी खाल्ली. मीठ झोंबतं म्हणून चूळही सोडली.

बुढी रोज भर दुपारी यायची, गल्लीत कुत्रंही हलत नाही अशा वेळी. पावलं वाजत नसत. गुंगीतून डोळे उघडावेत तर वीतभर अंतरावर तिचा चेहरा. पापण्या मिटलेल्या, नाकपुड्या तेवढ्या हलताहेत. मग ती माझीच बोटं माझ्या दातांमध्ये उभी धरायला लावायची. तीन बोटं मावली की उठून जायची.

पाचव्या दिवशी ठणका थांबला. बायकोला तसं पत्र लिहून मी पडलो होतो, तेवढ्यात ती आली. या वेळी तिनं फार वेळ हुंगलं. दोन बोटंही आत जाईनात. ती काही न बोलता उठली आणि निघून गेली.

मी पडल्या पडल्या आढ्याकडे पाहत राहिलो. हा सगळा अडाणीपणा आहे, असं स्वतःला समजावत होतो, पण शिंप्याची ती चादर डोळ्यांपुढून हलेना. कानशिलं तापली होती.

थोड्या वेळानं दारात दमणी उभी राहिली. पाटलाचे बैल तिनं कसे मिळवले, देव जाणे. आता दुखत नाही, असं मी कसंबसं म्हणालो.

"दुखत नाई म्हनूनच चाला," ती म्हणाली. "आतून सडून राह्यलं."

रिसोडपर्यंत ती समोर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून होती. मधूनच वाकून हुंगायची आणि गाडीवानाला बैल पळवायला सांगायची. ताप चढत गेला तसा मला फक्त तिचा चेहरा दिसत होता, आणि तो दर वेळी अधिक जवळ येत होता.

रिसोडच्या डॉक्टरांनी टाके उघडून पू काढला, पेनिसिलीनची सुई दिली. लागण गळ्याकडे उतरत होती, आणखी दोन दिवसांनी श्वास कोंडला असता, असं त्यांनी सांगितलं. सुया संपेपर्यंत बुढी दवाखान्याच्या ओसरीवरून हलली नाही.

मी थोडा बरा होऊन घरी आलो आणि ती पेज घेऊन आली, तेव्हा तिला विचारलं, हे तुम्ही शिकलात कुठं?

"माह्या मालकाची दाढ न्हाव्यानं उपटली व्हती. चार-पाच रोजानं तोंडाचा वास याले लागला. मी सोळा वर्साची. मले किळस ये. ते काई सांगाले जवळ आले का मी मान फिरवो. त्याहिले कळलं व्हतं, मास्तर. तोंडावर शेला घेऊन भिंतीकडं पाहत पडून राहत."

शेवटी काही बोलले का, मी विचारलं.

"बोलले. 'दूर बस,' म्हने, 'तुले तरास हून राह्यला.'"

मग तिनं भांड्यातली पेज माझ्या वाटीत ओतली, आणि मी ती संपवेपर्यंत खाटेजवळ बसून राहिली.