आधी नांदून दाखवा

आमच्या पतपेढीचे नाना न बांधलेल्या घराचं दार वाजवायचे. थट्टा नाही करत. मोकळ्या जागेवर पांढऱ्या फक्कीनं घराची आखणी केलेली, भिंत नाही की छप्पर नाही, आणि नाना रेघेच्या बाहेर उभे राहून हवेतच कडी वाजवायचे. "कोण हाय का घरात?" मग घरच्या बाईनं आतून "या" म्हणायचं. लाजत राहिली तर कर्ज लांबलं म्हणून समजा.

ही पेढी मुरबाडात पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर सुरू झाली. नव्वदच्या आगेमागे असेल. मास्तर, एसटीचे कंडक्टर, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळ्यांनी महिन्याला थोडं थोडं टाकायचं आणि पाळीपाळीनं एकेकाचं घर उभं करायचं, एवढाच कारभार. आमच्या गावठाणातल्या जागांचे कागद बघून मोठ्या बँका नाक मुरडायच्या, म्हणून हा खटाटोप. नाना तिथले पहिले कारकून. जागा बघायलाही तेच जायचे, कधी एसटीनं, कधी जीपला लटकून, खांद्याला फक्कीची पिशवी. नकाशा पुढे केला की बाजूला सारायचे. "कागदावर काय, कोणपण राहील. आधी नांदून दाखवा."

आमचंच घर घ्या. ह्यांनी कल्याणच्या ओव्हरसियरकडून नकाशा काढून आणला होता, केवढा अभिमान त्याचा. नाना आले, आखणीतल्या हॉलमध्ये पाहुणा म्हणून उकिडवे बसले आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, तुमी न्हाणीत जा. आंघोळ झाली समजा. आता या भायेर."

सासूबाई दोन पावलं आल्या आणि थांबल्या. न्हाणीचं दार थेट हॉलमध्ये उघडत होतं. "ह्या बाप्यासमोरून ओल्या लुगड्यानं येऊ काय मी?"

"मंग नका येऊ. बसा आतच," म्हणाले आणि चालू लागले.

चार दिवसांनी अर्ज परत आला. वर नानांच्या अक्षरात शेरा: आजी न्हाणीत अडकली आहे. सुटल्यावर अर्ज करावा. हे संतापले, "कारकून आहे का नाटकवाला?" सासूबाई म्हणाल्या, "तुज्या ओव्हरसियरपेक्षा शाना हाय." न्हाणीचं दार मागच्या अंगाला गेलं, मग कर्ज आलं.

पुढे मी संचालक मंडळात गेले, तेव्हा नानांबरोबर एकदा सिद्धगडाकडच्या एका पाड्यावर गेले होते. तिथली सून नुसती पदर चावत उभी. नाना कंटाळून रेघ ओलांडून निघाले, तशी ती फाडकन म्हणाली, "भिंतीतून कुठं चाललाव? दार तिकडं हाय. नि चपला काढा, आताच सारवलंय." सगळा पाडा हसला. नानांनी खरंच चपला हातात घेतल्या, दारातून बाहेर पडले आणि मला म्हणाले, "वैनी, ही नांदणार. लिवा मंजूर."

अशी किती घरं झाली, मुरबाडात, शहापुरात. नाना स्वतः मात्र पेढीच्या मागच्या खोलीत राहायचे. आईबाप लहानपणीच गेलेले. उंबरमाळीला मामाकडे वाढले, मग काकांकडे, मग ही खोली. लग्न राहूनच गेलं. पुढे पेढीत कॉम्प्युटर आले, ते ठेवायला ती खोली हवी झाली, आणि नानांची निवृत्तीही आली. सभासदांनी आमच्याच आळीत त्यांच्यासाठी लहानशी जागा बघून ठेवली. अर्ज ह्यांनी भरला. नानांची सही तेवढी राहिली होती, आणि ती काही होत नव्हती. "बघू" म्हणायचे नि कागद खिशात घालायचे. शनिवारच्या सभेत सही नसेल तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

शुक्रवारी दुपारी मी त्यांना हाताला धरून जागेवर नेलं. त्यांच्याच पिशवीतल्या फक्कीनं दोन खोल्या आखल्या. "नाना, आता तुम्ही."

नाना दारातून आत आले. चपला काढल्या. मधोमध उभे राहिले, हात पुढे बांधून, कुणी बसा म्हणेल का याची वाट बघत असल्यासारखे. शेवटी म्हणाले, "वैनी, मागची खोली पुसा. कोण हाय तिच्यात बसायला?" आणि पायानं रेघ पुसायलाही लागले.

मी जाऊन त्या खोलीत बसकण मारली. "मी आहे. उन्हाची आलेय, चहा टाका."

नानांचा पाय रेघेवरच थांबला. मग कोपऱ्यात जाऊन उकिडवे बसले. हवेतच स्टोला पंप मारला, पातेलं चढवलं. तालुक्यातल्या निम्म्या घरांत चहा प्यालेला माणूस, पण आपल्या घरी पाहुण्याला चहा करायची ही पहिलीच वेळ. पाठमोरेच बसून हळूच विचारलं, "साखर किती घेता, वैनी?"

"दीड चमचा," मी म्हटलं.

चहा उतू जाऊ नये म्हणून बघत बसावं तसे थोडा वेळ बसून राहिले. मग खिशातून अर्ज काढला, गुडघ्यावर ठेवला आणि सही केली.