कपाटातली पालवीदेवी

मरण्यात माझा हात धरणारं कुणी नाही! ऐकायला विचित्र वाटेल, पण माझा धंदाच तो आहे. लहान मुलांच्या एका कार्टून मालिकेत पालवीदेवी नावाची देवी आहे, जीवनाची आणि पुनर्जन्माची. हिरवे केस, बशीएवढे डोळे आणि दिसेल त्याला बोट लावून जिवंत करायची खोड. वठलेलं झाड, बंद पडलेलं घड्याळ, टक्कल पडलेली खार, सगळ्यांना ती आपलं थोडं थोडं आयुष्य वाटत सुटते आणि भागाच्या शेवटी स्वतः म्हातारी होऊन मरते. मग तिच्या जागी एक बी उरते, ती तडकते आणि आतून बाळ होऊन देवी टाहो फोडते. या देवीला आवाज माझा! दर भागात मी एकदा मरते आणि लगेच जन्मते.

याआधी मी काय काय नव्हते! करकरणारं दार होते, साबणाच्या जाहिरातीतला हट्टी डाग होते, एका बेडकाची मावशी होते. नाव असलेलं पात्र पहिल्यांदाच मिळालं होतं आणि ते हातचं जाऊ नये म्हणून मी जिवाचं रान करत होते. अशात त्या दुपारी दिग्दर्शकांचा फोन आला.

"बाई, परवा मेलात ते काही जमलं नाही," ते म्हणाले. "मरताय की ठसका लागलाय तेच कळेना. संध्याकाळपर्यंत नीट मरून पाठवा. नाहीतर मला दुसरी कुणीतरी मरायला घ्यावी लागेल!"

"काळजीच सोडा!" मी म्हटलं. "असं मरते की ऐकत राहाल!"

आता, घरी माझा स्टुडिओ म्हणजे झोपायच्या खोलीतलं कपाट. हसू नका! आत जाड रजया टांगल्या की आवाज घुमत नाही. श्वासाची फुंकर आपटू नये म्हणून माइकला नवऱ्याचा मोजा घालायचा (धुतलेला!), अंगात नवऱ्याचाच ढगळ सदरा, कारण नवे कपडे सळसळतात, आणि दार ओढून घ्यायचं. बाहेरचं काही आत येत नाही. आतलं बाहेर जातं का, हे मात्र मी कधी तपासलं नव्हतं. कपाट भिंतीत बसवलेलं आहे आणि त्या भिंतीपलीकडे शेजारच्या नर्सबाईंची बसायची खोली आहे.

राहता राहिल्या सासूबाई. त्या घरात असल्या की भांडी आदळतात, आणि भांडी नाही मिळाली तर मला धरतात. माझ्या कामाबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं की सून कुठेतरी जाऊन बेडकासारखं बोलते.

"आई, तासभर नर्सबाईंकडे जाऊन बसता का?" मी गोड आवाजात विचारलं.

"काढ, मला घराबाहेर काढ!" असं म्हणून त्या चपला घालून गेल्यासुद्धा.

मी कपाटात शिरले. देवीचं एकेक पान गळताना डोळ्यांपुढे आणलं आणि मरायला लागले. आधी बारीक धाप, मग लांबलचक कण्हणं, मग दातओठ खाऊन "आई गंऽऽ", आणि मग सामसूम. त्यानंतर मी बी तडकवली आणि असा काही "ट्यॅहांऽऽ" काढला की माझेच कान बधिर झाले. फक्कड जमलं होतं! आनंदाच्या भरात मी ओरडले, "झाले बाई मोकळी एकदाची!"

पलीकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. पहिल्या कण्हण्यालाच नर्सबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"अहो, हे बाळंतपणाचं कण्हणं आहे! माझं आयुष्य गेलंय यात!"

"काहीतरीच काय! तिला कुठे दिवस गेलेत?"

"हल्लीच्या मुली सांगतात का? ढगळ सदरे घालून हिंडते, ते उगाच? आणि अंगानेही किती सुटलीये!"

(मी सुटलेय हे मला या निमित्ताने समजलं.)

सासूबाई विचारात पडल्या तोच पलीकडून बाळ रडलं आणि पाठोपाठ मी मोकळी झाल्याची बातमी मीच माझ्या तोंडाने दिली! आता आणखी काय पुरावा हवा? सासूबाईंनी लेकाच्या ऑफिसात फोन लावला.

"अरे, बायको मोकळी झाली तुझी!"

"कशातून?" नवऱ्याने विचारलं.

"गाढवा, बाप झालास तू!"

नवरा म्हणतो, सकाळी डबा देताना तर ही काहीच बोलली नाही, एवढाच विचार त्याच्या डोक्यात आला. तोवर शेजारच्या टेबलावरच्यांनी ऐकलं होतं. टाळ्या झाल्या, साहेबांनी मिठी मारली आणि त्याला टॅक्सीत कोंबून घरी पाठवलं.

इकडे मला यातलं काही ठाऊक नाही. राखीव म्हणून दुसऱ्यांदा मरून ठेवावं, अशा शहाण्या विचाराने मी पुन्हा माइक चालू केला होता. कण्हून झालं, "आई गंऽऽ" झालं, डोळे मिटले, मान टाकली, श्वास रोखला. आणि धाडकन कपाटाचं दार उघडलं!

"अगं बाई! गेलीऽऽ!"

सासूबाईंनी असा हंबरडा फोडला की रजया हलल्या. मी डोळे उघडणारच होते. देवाशपथ उघडणार होते! पण तेवढ्यात त्या म्हणाल्या, "माझी सोन्यासारखी सून गेली गं!" सोन्यासारखी! लग्न झाल्यापासून मला या घरात कुणी पितळेसारखीसुद्धा म्हटलं नव्हतं. मी आणखी थोडी मेले.

"अगं, किती गुणाची होती! उलट बोलायची, पण औषध वेळेवर द्यायची!" त्यांनी माझे खांदे धरून मला गदागदा हलवलं. "ऊठ गं! ऊठ! तू गेलीस तर मी भांडू कुणाशी?"

हे ऐकल्यावर मात्र मला राहवेना. मी डोळे उघडले आणि त्यांच्या गळ्यात पडले. "आई, मी आहे!"

एक क्षण त्या मला घट्ट धरून राहिल्या. दुसऱ्या क्षणी ढकलून दिलं. "अगं मेले! आणि बाळ कुठे ठेवलंस?"

"कुठलं बाळ?"

"नातवंड माझं! कपाटात कुणी बाळंत होतं का? नर्सबाई, त्या रजया झटका आधी!"

रजया झटकल्या गेल्या, खण उपसले गेले. "अहो, मेले ती मी आणि रडले तीही मीच!" असं मी घसा फोडून सांगत होते, तर नर्सबाई माझी नाडी धरून म्हणाल्या, "भ्रमात आहे, बोलू दे." त्यात नवरा दारात उभा, काखेत साहेबांनी दिलेलं भलंमोठं कापडी अस्वल, आणि चेहरा असा की आधी कुणाला भेटावं तेच त्याला कळेना! सगळं समजावून सांगेस्तोवर दिवेलागण झाली. नवरा अस्वलाला टेकून बसून राहिला. घाईघाईत मी रेकॉर्डिंग न ऐकता, न कापता, होतं तसं पाठवून दिलं.

थोड्याच वेळात दिग्दर्शकांचा फोन आला.

"बाई, अंगावर काटा आला! काय तो आवाज!"

"तुम्हाला म्हटलं नव्हतं मी?" मी सासूबाईंकडे तोऱ्यात बघत म्हणाले.

"तुमचा नाही हो. त्या 'ऊठ गं, ऊठ' म्हणणाऱ्या बाई कोण आहेत? मेलेलं माणूस उठून बसेल अशी हाक! हीच आपली पालवीदेवी! द्या त्यांच्याकडे फोन."

मी दिला. दुसरं काय करणार?

आता रोज दुपारी सासूबाई कपाटात शिरून मरतात आणि मला बाहेर भांडी वाजवायची बंदी आहे. बाळाचं रडणं तेवढं दिग्दर्शकांनी माझ्याकडेच ठेवलंय. ते म्हणतात, हल्ली ते अगदी आतून येतं!