गॅझेट कुलथे आणि त्यांची पोचवही

हॉटेलात माणूस आला की आधी बसतो, पाणी पितो, मग काय ताजं आहे ते विचारतो. वसंतराव कुलथे आले की आधी मान वर करून माळ्यावरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत. झाकण आहे का? असलं तर सरळ बसलंय का? तेवढं समाधान झालं की गल्ल्यासमोर येत, खांद्यावरच्या कापडी पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवत, शेजारी एक लांबट वही उघडत आणि बोट टेकवून म्हणत, "शेठ, इथं सही."

सही झाली की वही मिटायची, आणि मिटता मिटता ठरलेलं वाक्य यायचं, "आता माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही."

हे वाक्य मी सात वर्षं दर सोमवारी ऐकलं. राग का येऊ नये?

नाशकातल्या आम्हा हॉटेलवाल्यांमध्ये त्यांचं नाव होतं गॅझेट. एका सरकारी कचेरीत तीस वर्षं ते आवक-जावकच्या टेबलावर होते. दुसऱ्यांची पत्रं घ्यायची, नंबर टाकायचा, पुढे पाठवायची आणि पोच घ्यायची. तीस वर्षांत एकही पत्र उघडून वाचलं नाही, असं ते अभिमानाने सांगत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी सगळंच वाचायला घेतलं. कुठल्या कचेरीच्या फळ्यावर काय लागलं, राजपत्रात काय आलं, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात कोणती जाहीर नोटीस आहे, यातलं जे जे हॉटेल, खानावळ, रसवंती आणि मिसळीच्या गाडीला लागू पडेल ते निवडून ते स्वतःच्या हाताने एका पानावर लिहीत, त्याच्या प्रती काढत आणि लुनावरून घरोघर, म्हणजे हॉटेलोहॉटेल वाटत. पानाचं नाव 'उपाहारगृह वार्ता'. अक्षर गोल, आणि प्रत्येक 'ल'ची शेपूट अशी लांब की खालच्या ओळीतल्या शब्दावर पाय ठेवील.

पानावर तीन मथळे असत. नवे नियम. मुदती. आणि सगळ्यात खाली, ऐकीव (खात्री नाही).

आम्ही सगळे ते पान खालून वर वाचायचो. 'पंचवटी बाजूस या आठवड्यात तपासणी असल्याचे ऐकले. खात्री नाही,' एवढं आलं की अर्ध्या दिवसात पंचवटीतलं फिनेल संपायचं. एरवी उघड्या डोक्याने भजी तळणारे आचारी एकदम पांढऱ्या टोप्या घालून उभे राहायचे, आणि गिऱ्हाईक विचारायचं, आज काय, कोणी गेलं का? कुलथ्यांना याचं फार वाईट वाटे. वरचे नियम वाचले तर खालची बातमी वाचायची गरज काय, असं ते म्हणत. या प्रश्नावर नाशकातला प्रत्येक मालक त्यांना चहा विचारायचा.

चहा ते घेत नसत. मी सातपूरला कारखान्याच्या गेटसमोर चहाच्या गाडीवर उभा राहून वर आलेला माणूस. लग्नाच्या बँडवाल्यापासून लाकडाच्या वखारीपर्यंत कोणालाही पहिला भाव दिलेला नाही. कुलथ्यांनी पहिल्यांदा वर्षाची वर्गणी मागितली तेव्हा मी म्हटलं, वर्गणी राहू द्या, दर सोमवारी एक मिसळ खा, वर ताक. ते म्हणाले, सभासदाचं खाल्लं की बातमी मऊ पडते. मी म्हटलं, मग वर्गणी निम्मी करा, मला ऐकीवच तेवढं द्या. त्यांनी पिशवीतून फूटपट्टी काढली, पानावर ठेवली आणि गंभीरपणे म्हणाले, "ऐकीव दीड इंच आहे शेठ. तेवढं कापून देता येईल, पण त्याची वेगळी पोच द्यावी लागेल." शेवटी वर्गणी पूर्ण दिली. अशी हार मी आयुष्यात फार वेळा पत्करलेली नाही.

नियमांवर त्यांचा विश्वास आंधळा होता, पण प्रामाणिक होता. एकदा एका पानावर एकाखाली एक तीन नियम आले. एका खात्याचं म्हणणं, स्वयंपाकघराला खिडकी हवी. दुसऱ्याचं म्हणणं, माश्या येऊ नयेत म्हणून ती बंद हवी. तिसऱ्याचं म्हणणं, खिडकीचा पत्रा गल्लीत आला तर ते अतिक्रमण. खाली कुलथ्यांची टीप होती, 'तिन्ही पाळावेत.' मालकांच्या बैठकीत मी ते पान फडकवून विचारलं, पाळायचं कसं ते तरी लिहा. ते उभे राहिले आणि म्हणाले, कसं ते माझ्याकडे येत नाही, माझ्याकडे फक्त काय ते येतं.

त्याच बैठकीत मी ते पान त्यांच्यासमोर फाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लुना दारात. नवी प्रत, उघडी वही. माझ्या नावापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात गोल अक्षरात लिहिलेलं, 'पहिली प्रत वाचून फाडली. दुसरी दिली.' मी म्हटलं, वाचून फाडली कशावरून? म्हणाले, मजकुरावर बोललात, म्हणजे वाचली. मी सही केली. वही मिटली. वाक्य आलं.

आता माझ्या अकरा दिवसांबद्दल.

पंचवटीतलं माझं हॉटेल सासऱ्यांच्या जागेत. परवानाही त्यांच्याच नावावर. ते दोन वर्षांपूर्वी वारले. मी गल्ल्याच्या वर त्यांचा फोटो लावला, चंदनाचा हार घातला, शेजारी फ्रेममधला परवाना तसाच ठेवला आणि दर मार्चला फी भरून, सासऱ्यांची सही करून त्याचं नूतनीकरण करत राहिलो. यात मी काही गुन्हा करतोय असं मला स्वप्नातही वाटलं नाही. नाशकातलं कोणतंही घर बघा, लाइटचं मीटर आजोबांच्या नावावर असतं. आजोबा जातात, मीटर फिरतंच राहतं. परवाना म्हणजे मीटरचाच भाऊ, अशी माझी समजूत. फक्त आमची मंडळी एकदा तिच्या सटाण्याकडच्या बोलीत म्हणाली होती, "मानूस मरी गया नि कागद जित्ता कसा ऱ्हाई?" मी तिला म्हटलं, तू कांदे बघ.

सिंहस्थ आला. पुढचं शाही स्नान चार दिवसांवर. गोदाघाटाकडे जाणारा लोंढा माझ्या दारावरून वाहायचा. चार आचारी जादा लावले होते, बाकडी भाड्याने आणली होती, बटाट्याची पोती जिन्यापर्यंत रचली होती. बारा वर्षांनी येणारं गिऱ्हाईक, चुकलं तर पुन्हा बारा वर्षं. अशा वेळी तपासणीचे साहेब आले. टाकी पाहिली, झाकण होतं. टोप्या होत्या. तीन नियमांच्या मधली खिडकी अर्धी उघडी होती. साहेब खूश. जाता जाता फ्रेमकडे बघून म्हणाले, परवानाधारकांना जरा बोलवा, सही घ्यायचीय.

मी गल्ल्यातली नाणी मोजायला घेतली. पण माझ्या मोठ्या आचाऱ्याने मदत करायच्या हेतूने वर बोट दाखवलं आणि म्हणाला, "हे काय साहेब, हार घातलेले."

अकरा दिवस हॉटेल बंद. त्यात शाही स्नान गेलं. बंद हॉटेलात बसून मी बटाट्यांना मोड येताना पाहिले आणि बाहेर शेजारच्याने माझ्याच दारापुढे वडे तळलेले पाहिले.

आणि राग कोणाचा आला? साहेबांचा नाही, त्यांनी नियम दाखवला. परवानाधारक गेला तर ठरलेल्या मुदतीत कळवून परवाना वारसाच्या नावावर करून घ्यावा लागतो, साधा नियम, जुना नियम. मी घरी येऊन सात वर्षांची सगळी पानं काढली. सगळी होती, फाडलेल्याची दुसरी प्रतसुद्धा. सगळी वाचली, वरून खाली. मिठात आयोडीन होतं, आचाऱ्याची वैद्यकीय तपासणी होती, घरगुती सिलेंडर होता, भावफलकाच्या अक्षरांची उंचीसुद्धा होती. मालक मेला तर काय करायचं, हे एकदाही नव्हतं. सासऱ्यांच्या दहाव्याला गॅझेट स्वतः आले होते, गोदावरीवर. फोटोला हार घालताना समोर उभे होते. दर सोमवारी त्या फ्रेमखाली उभे राहून माझी सही घेत होते. तरी एक शब्द नाही! मी पान फाडलं त्याचा वचपा काढला, असं मी ठरवूनच टाकलं. पानांचा गठ्ठा बांधला आणि म्हसरूळची रिक्षा धरली.

घर मला माहीत नव्हतं. कॉलनीत एक बाई वाळवणाजवळ बसल्या होत्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "खानावळवाले कुलथे का? ते कोपऱ्यावरचं. आता नुसतं नाव राहिलंय. कमलताई जाऊन आठ वर्षं झाली. बाई गेल्या आणि वर्षाच्या आत यांनी ते कागद वाटायला घेतले."

कुलथ्यांच्या घरात खानावळ होती हे मला आजवर माहीत नव्हतं. त्या रागात मी ते फारसं मनावरही घेतलं नाही. दार उघडंच होतं.

पुढच्या खोलीत दोन लांब बाकं होती, पुसलेली. भिंतीवर भावफलक, आठ वर्षांपूर्वीच्या भावांचा, पण अक्षरं नियमातल्या उंचीची आणि नव्याने रंगवलेली. कोपऱ्यात आग विझवायच्या वाळूची लाल बादली, वाळू ताजी. हात धुवायला जागा, तिथे कोरा साबण. खिडकीला जाळी, आणि तिचा पत्रा गल्लीत येऊ नये म्हणून आत वळवलेला. तिन्ही नियम पाळलेली नाशकातली ती एकमेव खिडकी असावी. फळीवर उपड्या घातलेल्या बारा थाळ्या. वर टाकी, झाकण घट्ट बसवलेलं. जेवायला कोणी नाही.

कुलथे आतून आले. मी बसलो नाही. गठ्ठा बाकावर आपटला आणि जे तोंडात आलं ते बोललो. सात वर्षं वर्गणी घेतलीत, फूटपट्टीने बातम्या मोजल्यात, आणि जी एक ओळ माझ्या कामाची होती ती तेवढी गाळलीत. का गाळलीत ते सांगा.

त्यांनी गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या. मग म्हणाले, "राहून गेलं."

राहून गेलं? पहिली प्रत वाचून फाडली हे लिहायचं ज्याचं राहिलं नाही, त्याचं हे राहून गेलं? मी पुढचं वाक्य जुळवत भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तिथे फ्रेम होती.

खानावळीचा परवाना. धारकाचं नाव, सौ. कमल वसंत कुलथे. नूतनीकरणाचे शिक्के एकाशेजारी एक, शेवटचा याच मार्चचा. शेजारी सही, 'कमल कुलथे'. सहीतल्या प्रत्येक 'ल'ची शेपूट खालच्या रेघेवर पाय ठेवत होती. वर बाईंचा फोटो होता, हसऱ्या, पदर खोचलेला. त्याला हार नव्हता.

मी किती वेळ वाचत होतो कोणास ठाऊक. वळलो तेव्हा कुलथे माझ्याकडे नाही, फ्रेमकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, बाकावर एक कोरं पान घेतलं आणि म्हणाले, "चूक माझी आहे. पुढच्या सोमवारी पहिली बातमी हीच. नवे नियमच्या खाली."

त्यांनी मथळा लिहिलासुद्धा. 'परवानाधारकाचे निधन झाल्यास.' पुढे हात चालेना.

मी बाकावर बसलो. म्हटलं, नवे नियममध्ये कशाला, नियम तर जुना आहे.

"मग मुदतींमध्ये घालतो."

"ऐकीवमध्ये घाला. खात्री नाही म्हणून."

"मला खात्री आहे शेठ."

"मग छापूच नका," मी म्हटलं. "आपल्याकडचे मालक वाचतात कुठे. मी तोंडी सांगतो एकेकाला. माझे अकरा दिवस सांगितले की तुमच्या पानापेक्षा जास्त घाबरतील."

त्यांनी ते पान घडी घालून पिशवीत ठेवलं. मग सवयीने वही उघडली, माझ्यापुढे सरकवली. माझ्या नावापुढे शेऱ्याचा रकाना रिकामा होता. फ्रेमकडे हात करून त्यांनी हळू विचारलं, "वाचलंत?"

"चष्मा आणला नाही," मी म्हटलं. चष्मा माझ्या नाकावर होता.

त्यांनी सही मागितली नाही. वही मिटली. ते वाक्य मात्र आलं नाही. त्याऐवजी आत जाऊन त्यांनी एक थाळी सुलटी केली आणि पोहे आणले. मी खाल्ले. तिखट कमी होतं, तरी थाळी साफ केली.

पुढच्या महिनाभरात मी नाशकातल्या मालकांकडे जाऊन तो नियम सांगितला. मीटरचा भाऊ समजणारे माझ्यासारखे बरेच निघाले. चार फ्रेमा उतरल्या, चार नव्या लागल्या. माझे अकरा दिवस मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही, शाही स्नान म्हणजे काय रोजचं आहे? पण प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न हमखास यायचा. एवढा मोठा नियम, आणि गॅझेटने कसा छापला नाही? त्याला माहीत नाही का?

"नाही," मी सांगायचो. "तेवढा एक त्यांना माहीत नाही."