सर्व्हरचा पहिला मान

औरंगपुऱ्यातल्या त्या सहा टेबलांच्या ऑफिसात नौशीनला सकाळपासून अन्नपाणी गोड लागत नव्हतं. कंपनीचा सगळा कोड बाहेर कुठे न ठेवता स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवायचा, अशी नव्या गिऱ्हाइकाची अट होती. ते काम तिच्या गळ्यात पडलं होतं आणि गिऱ्हाईक चार वाजता बघायला येणार होतं. "गडबड झाली तर उद्यापासून येऊ नको," असं मालक सत्यमसरांनी बजावलं होतं. नोकरी लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते.

बारा वाजता सर्व्हर सुरू झाला. ती पहिलं खातं उघडणार, तेवढ्यात सत्यमसर नारळ घेऊन आले. मागे त्यांचे वडील, कन्नड गावाहून डोळे दाखवायला आलेले काकासाहेब.

"उद्घाटन बाबांच्या हस्ते. पहिलं खातं त्यांचं!"

नौशीन दचकली. पहिलं खातं ज्याचं, तो सर्व्हरचा मालक. तो ज्याला आत घेईल तोच आत, अशी चोख व्यवस्था तिनंच लावली होती. पण हातात नारळ घेतलेल्या साहेबांना अडवायचं कसं? काकासाहेबांनी एका बोटानं पासवर्ड टाकला. थोरांचा पासवर्ड बघू नये म्हणून सगळ्यांनी अदबीनं तोंडं फिरवली. नौशीननं तर भीतीनं डोळेच मिटले. पेढे वाटून झाले, सरांनी स्वतःच्या हातानं वडिलांचं खातं नीट लॉग-आउट केलं आणि काकासाहेब गावाकडच्या बसमध्ये बसले.

मग कुणालाच आत जाता येईना. काकासाहेबांचा फोन लागेना. अशा वेळी सर्व्हर आडवाटेनं उघडायची युक्ती असते, हे तिला ठाऊक होतं. पण घाबरल्यामुळं ती आठवेना. "या अल्ला, गई मेरी नोकरी," ती पुटपुटली. तीन वाजता तिनं सरांना सगळं सांगितलं.

"मग मला थांबवलं का नाहीस?"

"सर, तुमच्या हातात नारळ होता."

"उद्यापासून घरीच बस!" सर ओरडले. तेवढ्यात काकासाहेबांचाच फोन आला. नौशीननं घाईघाईत स्पीकर लावला आणि मालकाशिवाय कुणालाच आत जाता येत नाही, सर घरी बसवताहेत, असं रडत रडत सांगून पासवर्ड विचारला.

"सांगतो की. पण रडतीस कामून? अन् तिथला मालक कोन म्हनलीस?"

"तुम्ही, काका."

"अन् सत्यम?"

"सरांचं अजून खातंच नाही."

"असं व्हय! सत्या, ऐकतो का? पोरीला घरी बसवायचं कोन म्हनलं?"

"कुणी नाही, बाबा," सर हळूच म्हणाले.

"मंग घे पोरी लिहून. अन् बाकीच्यांना लगेच आत घे. सत्याचं मात्र पुढच्या खेपेला येऊन बघतो."

फोन बंद झाला. नौशीननं भराभर एकेकाला आत घेतलं. चारला पाच मिनिटं कमी असताना सत्यमसर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"नौशीनमॅडम," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बाबांकडे माझ्यासाठी शब्द टाकता का जरा?"