आतला पत्रा कोरा हवा

शुक्रवारी दुपारी मल्हारचे सॅम्पल फेल झाले. तसे काही झालेच नाही, असा ठराव पुढच्या ग्रामसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालेला असल्यामुळे, आपणही ते झालेले नाही असे धरून पुढे जाऊ.

गाव शिरूर तालुक्यातले, न्हावऱ्याच्या पुढे, दौंडच्या अंगाला. फाट्यावर पाटी आहे, पण पाटीवर गावाच्या नावापेक्षा पाटी देणाऱ्याचे नाव मोठे आहे. त्यामुळे नवखा पाहुणा एसटीच्या कंडक्टरला "पोपटराव आलं का?" असेच विचारतो. पोपटराव हे सरपंच. शाळेला मिळालेल्या पंख्याच्या एका पात्यावर दात्याचे नाव, दुसऱ्यावर वडिलांचे आणि तिसऱ्यावर आडनाव आहे. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून तो फिरवत नाहीत.

अशा गावात मल्हारने पावडर कोटिंगचा धंदा टाकायचे ठरवले. रांजणगावच्या एमआयडीसीत त्याने हेच काम केले होते. लोखंडी वस्तूवर रंगाची कोरडी पावडर उडवायची आणि ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीला भाजायची. ती वितळून अशी बसते की हातोडीनेही निघत नाही. एका कंपनीने कबूल केले होते की इलेक्ट्रिक पॅनेलचा एक दरवाजा नमुना म्हणून करून दाखव. पास झाला तर दर आठवड्याला टेम्पोभर दरवाजे तुझे. मल्हारने नोकरी सोडली. धनश्रीशी त्याचे लग्न ठरत होते आणि तिचे वडील दौंडला रेल्वेत होते. नोकरी सोडलेला जावई त्यांना चालत नव्हता, पण माणूस समजूतदार. "टेम्पो दारात दिसला की साखरपुडा," असे त्यांनी सांगून ठेवले.

ओव्हन घरीच बांधायचा होता. अँगलचा सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून पत्रा, मधे रॉकवूल. रॉकवूल म्हणजे दगडापासून केलेली लोकर हे ऐकल्यावर, उभा जन्म मेंढरांमागे काढलेल्या हौसराव आप्पांनी बांधावरचा दगड उचलून, कातर कुठून लावायची ते बघितले.

खरा प्रश्न आतल्या पत्र्याचा होता. स्टेनलेस आवाक्याबाहेर. काळा पत्रा गंजतो आणि गंजाचे कण रंगात बसतात. सिमेंटचा पत्रा धूळ सोडतो. राहिला जीआय, म्हणजे साधा जस्त चढवलेला पत्रा. तोही कोरा पाहिजे. रंग नको, तेल नको, कारण ओव्हनच्या आत जे असते ते शेवटी मालावर येते. पण दौंडच्या भंगार बाजारातून हीटर आणि पंखा आणताना मल्हारचा खिसा रिकामा झाला होता. तो सरपंचांकडे गेला.

"लोकर सोसायटीची शेड बंद पडलीय. ती घे," पोपटराव म्हणाले. "पत्र्याचं काय घेऊन बसलास? पण लोकसहभाग दाखवावा लागंल."

त्या काळात लोकसहभागाशिवाय गावचे गटारसुद्धा वाहत नसे.

"म्हंजी काय करायचं?"

"काय न्हाई. घरटी एक पत्रा. तू फकस्त ठोकायचा."

पत्रे आले. पत्र्यांच्या मागोमाग डबा आणि ब्रश घेऊन जालिंदर पेंटर आला.

"मामा, तुम्ही कशाला?"

"नावं टाकाया."

"आतल्या पत्र्यावर? न्हाई चालत, मामा. रंग सुटून मालावर पडतो."

"माझा रंग? अरं, देवळाच्या कळसावरचा माझा रंग बघ. धा वर्सं झाली."

"कळस काय आपण भट्टीत घालतो का? आन् नव्या जीआयवर प्रायमरबिगर ऑईलपेंट धरत न्हाई."

"मग प्रायमर कुणाच्या नावानं द्यायचा?" जालिंदरने विचारले.

बाहेरच्या बाजूला नावे टाकावीत, अशी सूचना मल्हारने केली. ती फेटाळण्यात आली. बाहेरची बाजू उद्घाटक, प्रमुख पाहुणे आणि स्वागतोत्सुक यांच्यासाठी राखीव होती. मग सरपंचांच्या अध्यक्षतेखाली अस्तर निवड समिती नेमण्यात आली. मल्हारला निमंत्रित म्हणून घेतले; निमंत्रिताने बोलायचे नसते.

समितीने पहिल्याच बैठकीत आतल्या बाजूची पाहणी केली.

"आत अंधार हाय," हौसराव आप्पा म्हणाले. "आमच्या बानूबाईचं नाव दिसंल कुणाला?" बानूबाई ही त्यांची आई.

म्हणून आत बल्ब लावण्याचे ठरले. बल्ब दोनशे डिग्रीला फुटतो असे मल्हार न बोलता म्हणाला. दार बंद असताना नावे दिसावीत म्हणून दाराला काच मंजूर झाली. हीटरमुळे डाव्या भिंतीवरची नावे झाकत होती, म्हणून हीटर दाराजवळ सरकवले. नमुन्याचा दरवाजा टांगायला छताला हुक लावायचे होते, पण उद्या छतावर नाव आले तर हुकाने त्याला भोक पडेल. तेव्हा टांगणे रद्द करून माल स्टँडवर आडवा ठेवण्याचा निर्णय झाला. तळाचा पत्रा कोणी घेईना, कारण नावावर पाय पडतो. अखेर तो विरोधी गटाच्या नावाने, त्यांना न विचारता टाकण्यात आला.

छत रिकामे राहिले होते. तो पत्रा मल्हारच्या आईने, गिताबाईने, आणून टेकवला.

"समद्यांची नावं हायती. तुझ्या बापाचं कुठाय?"

"आई, तू तरी ऐक. वरचं नाव सुटून खाली रंगावर पडंल."

"जित्तेपणी कुठंच लागलं न्हाई. आता पडलं तर पडू दे की."

हे खरे होते. मल्हारच्या वडिलांचे, ज्ञानूचे, नाव हयातीत एकाच ठिकाणी छापून आले होते, ते मतदारयादीत. तेही समोर 'स्त्री' असे लिहून. जालिंदरने छतावर पिवळ्या रंगात, दोन्ही बाजूंना फूल काढून लिहिले: 'कै. ज्ञानू यांच्या स्मरणार्थ'. फुले फुकट.

सॅम्पलच्या आदल्या दिवशी गाव लग्नासाठी वडगाव रासाईला गेले. मल्हार गेला नाही. तो थिनर आणि फडकी घेऊन ओव्हनमध्ये शिरला. बानूबाई पुसली. समितीचे सदस्य पुसले. विरोधी गट पुसला. बल्ब काढला. पत्रे असे चकचकीत झाले की मल्हारला चारही बाजूंनी स्वतःचे तोंड दिसू लागले. मग त्याने मान वर केली. थिनर अजून अर्धा डबा होता. त्याने फडके भिजवले, हात वर नेला, आणि फडके पिळून बाहेर आला.

शुक्रवारी कंपनीचे क्वालिटीचे साहेब आले. राखाडी पावडर उडवली, दरवाजा आडवा ठेवला, ओव्हन तापला. वेळ झाल्यावर दार उघडले. रंग आरशासारखा बसला होता. मधोमध, फुलांसकट, एकही वेलांटी न तुटता, पिवळ्या अक्षरांत मल्हारचे वडील होते. प्रायमर नसल्याने ते छतावरून सालासारखे सोलून, हवेत उलटून अलगद खाली आले होते.

साहेबांनी चाकूने रेघा मारल्या, चिकटपट्टी लावून ओढली, हातोडी मारली. नाव निघाले नाही.

"पकड उत्तम आहे," साहेब म्हणाले. "हे ज्ञानू कोण?"

"वडील."

"त्यांनी आमच्या कंपनीला काही दिलं होतं का?"

"न्हाई."

"मग नाव कसं?"

नाव पास, सॅम्पल फेल, असा अहवाल झाला.

तोवर गाव ओव्हनमध्ये डोकावून आले होते.

"माझ्या आईला पुसलं आन् सोताच्या बापाला भाजून घेतलं!" हौसराव आप्पा ओरडले. "बगा, कसा पक्का बसवलाय! आमची नावं काय पान्यावर काढली व्हती?"

"आप्पा, मुद्दाम न्हाई केलं. ते सुटून पडलं."

"आमचंच कसं न्हाई पडलं मग?"

चौकशी बसली. लोकसहभागातील ओव्हनचा खासगी वडिलांसाठी वापर, असा ठपका आला. पण चौकशी पुढे नेली तर नावे पुसली गेल्याचे कागदावर येते. नावे पुसली गेली तर दात्यांची बदनामी होते. त्यामुळे नावे पुसलीच गेली नाहीत, ज्या अर्थी पुसली नाहीत त्या अर्थी ओव्हन पेटवलाच नाही, आणि ओव्हन पेटवला नसल्याने सॅम्पल फेल होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असा ठराव झाला. जालिंदरने सगळी नावे, छतावरच्या ज्ञानूसकट, पुन्हा टाकली. या वेळी प्रायमर मारून. प्रायमर पोपटरावांच्या सौजन्याने. ठरावाची नक्कल मल्हारने दौंडला पाठवली. धनश्रीच्या वडिलांचा निरोप आला: ठराव पोचला, टेम्पो दिसल्यावर कळवा.

फेल झालेला दरवाजा गिताबाईने घराला बसवला. ती रोज त्यावरून ओला हात फिरवते.

मल्हारने नुकताच एक अर्ज लिहिला आहे. अर्जदाराने खाली नाव लिहायचे टाळल्यामुळे ग्रामपंचायतीने तो घेतला नाही. म्हणून तो जसाच्या तसा येथे देत आहोत:

'महोदय, कंपनी आणखी एक सॅम्पल बघायला तयार आहे. तरी तालुक्यातील कोणाही इसमाने, हे वाचणारा धरून, ओव्हनला आतून लावण्यासाठी कोरा पत्रा द्यावा. पत्रा संध्याकाळी शेडच्या मागे टेकवून निघून जावे. नाव सांगू नये. विचारले तरी सांगू नये. आभार मानले जाणार नाहीत, फोटो निघणार नाही, नारळ मिळणार नाही आणि पत्रा कोणी दिला हे कोणालाही, कधीही कळणार नाही, याची हमी अर्जदार देत आहे. विनंती मान्य व्हावी.

ता. क. छताला पत्रा नको. तिथे आहे तोच राहील.'